खाली राहिलेली ओ

१

विहिरीत माणूस पडलं की पालमच्या आसपासची गावं मला बोलवायची. गावचा कोतवाल सांगावा घेऊन धापा टाकत दारात उभा राहायचा. माझी बायको धुरपता आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची आणि मग मला हाक मारायची, "आवो, आयकलं का? आलं बगा तुमचं बोलावणं." जसं काही लग्नाचं आवतणच आलं आहे.

आम्ही भोई, गंगेकाठचे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. होडी आणि जाळं हा घरचा धंदा, आणि विहिरीतून माणूस काढायचं काम वडिलांनी शिकवलं. तेव्हा निजाम सरकारचा अंमल होता. तिकडे जर्मनची लढाई चालली होती, इकडे रॉकेल मिळत नव्हतं, पण माणसं विहिरीत पडायची काही थांबली नव्हती. कुणाचा पाय घसरायचा, कुणी जाणूनबुजून जायचं. जिवंत माझ्या हाती लागला तो एकच, आणि वर आल्यावर त्यानेही मला शिव्याच दिल्या.

कामाची रीत ठरलेली होती. दोन दोर घ्यायचे. एक माझ्या कमरेला, दुसरा खाली नेऊन बुडालेल्याला बांधायला. काठावर माझा मेहुणा बन्सीधर. त्याचा आवाज एवढा मोठा की बाजारात तो बैलाची किंमत विचारायचा आणि चार दुकानांपलीकडची माणसं उत्तर द्यायची. माझं खालचं काम झालं की मी डोकं पाण्याबाहेर काढून कपारीला धरून राहायचो. एरवी मला दाजी म्हणणारा बन्सीधर तेवढ्यापुरता माझं नुसतं नाव घेऊन हाक मारायचा, "लिंबाजीऽ!" मी "ओ" द्यायची. ओ आली की दोर ओढायचा, नाही आली तर ओढायचा नाही.

आणि एक नेम होता. बुडालेला माणूस वर येईपर्यंत त्याचं नाव कुणी काढायचं नाही. आईनेसुद्धा नाही. विहिरीत एकच नाव जायला पाहिजे, ते खाली उतरलेल्या जित्या माणसाचं, असं वडील सांगायचे. मला त्यात देवधर्म कधी दिसला नाही. दहा जण दहा नावांनी ओरडायला लागले तर दोरावरच्याने ऐकायचं कुणाचं, एवढाच त्याचा अर्थ मी लावला होता.

वर आलो की बन्सीधर माझ्या तोंडात लिंबाचा पाला द्यायचा. "कडू?" तो विचारायचा. "कडू," मी म्हणायचो. मग घरी जायची परवानगी.

माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने माझं नावही कडूच ठेवलं, लिंबाजी. धुरपताने ते लग्नापासून तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचं नाव कुठलीच बायको घेत नाही, पण ही त्याच्याही पुढे गेलेली. आमच्या अंगणात लिंबाचं झाड होतं, त्याला ती कडूझाड म्हणायची. शेजारणी मुद्दाम विचारायच्या, "धुरपता, हे झाड गं कशाचं?" ही म्हणायची, "सावलीचं." नाव घ्यायचं ते परक्याचं, आपल्या माणसाला 'आवो' पुरे, असं तिचं म्हणणं. ती 'आवो' ऐकायलाच मी घरी येत होतो असं म्हटलं तरी चालेल. आम्हाला पोर नव्हतं. दिवसभर मेलेल्यांना हात लावून आलेल्या माणसाला कुणीतरी आपलं म्हणून हाक मारावी, याला लय मोल असतं.

२

फाल्गुन संपत आला होता. पालमच्या उगवतीला एका मळ्यात मोट चालवणारा तरुण शेतकरी विहिरीत पडला होता. आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बैल तसेच मोट ओढायच्या उतरणीवर, धावेवर उभे होते. पंचनाम्याला आलेले पोलिसांचे अमीनसाहेब झाडाखाली बाजेवर बसून घाम पुसत होते. पोराची आई, बायनाबाई, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर बसली होती. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता, नाव बाहेर पडू नये म्हणून. नेम पाळणारी बाई होती. गावानेही नेम पाळला. पोराचं नाव मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कधीच विचारत नसे.

पाणी गढूळ होतं. डोळे उघडून उपयोग नव्हता, हातानेच शोधायचं. पोर कपारीत अडकलं होतं, बसल्यासारखं. मी त्याला दोर बांधला. बांधताना त्याचा हात माझ्या मनगटावर पडला. असं होतंच, पाण्यात मेलेली माणसंही हलतात. मी तो हात सोडवला. सोडवायला अंमळ वेळ लागला.

वर यायला निघालो तेव्हा कान गच्च झाले होते. खोल पाण्यात कान जातात, आमच्या धंद्यातले सगळेच म्हातारपणी ठार बहिरे होतात. डोकं अजून पाण्याखालीच होतं, तोंड मिटलेलं होतं, आणि कमरेचा दोर एकाएकी ताणला गेला. मला बोचक्यासारखं वर ओढून काढलं.

मी बन्सीधरवर खेकसलो. "ओ दिली नव्हती मी. ओढलंस कामून?"

"दिली की, दाजी."

"माझं डोकं पाण्यात होतं."

"आता काय सांगावं तुमाला? ह्या सगळ्यांनी आयकली. इचारा." कोतवालाने मान हलवली. अमीनसाहेबांनीही हलवली. बैल धरणारा म्हणाला, "खणखणीत ओ आली की वं."

बन्सीधरने पाला तोंडात दिला. मी चावला. कडू लागला नाही. वाळलेलं गवत चावावं तसं लागलं. "कडू?" त्याने विचारलं. अमीनसाहेबांना उशीर होत होता, पोराला अजून वर काढायचं होतं. "कडू," मी म्हणालो.

मग पोराला वर घेतलं. तो धावेवर टेकला, नेम संपला, आणि बायनाबाईने तोंडातला पदर काढला.

"लिंबाजीऽ!" ती ओरडली. "लिंबाजी, माज्या लेकरा!"

मी वळून तिच्याकडे गेलो. दोन पावलं गेलो असेन, मग थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते.

३

पालमची वेस दिसल्यावर बन्सीधर म्हणाला, "तुमच्याच नावाचा निघाला की वं, दाजी. आपल्याला ठावंच न्हवतं."

"निघाला तर निघाला," मी म्हणालो. "लिंबाजी काय जगात एकच असतो?"

खरं तर त्यात नवल काही नव्हतं. गावोगावी ज्याची भावंडं जगत नाहीत त्याचं नाव लिंबाजी नाहीतर कडूबा. आणि ओ मीच दिली असणार. कान गच्च असले की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. डोकं पाण्याबाहेर आलंही असेल, माझ्या ध्यानात राहिलं नसेल. मी स्वतःला असं समजावलं आणि ते मला पटलं.

घरी धुरपताने मिरचीचा ठेचा वाढला होता. मी सगळा खाल्ला. ती बघत राहिली. "आज डोळ्याला पानी बी न्हाई आलं तुमच्या," ती म्हणाली. मी म्हणालो, मिरची फिकी आहे. तिने बोटाने चाखून पाहिली आणि उठून पाणी प्यायली.

त्या दिवसापासून मला काही लागेना. चूल पेटवताना निखारा पायावर पडला, कातडी भाजल्याचा वास आला तेव्हा कळलं. शेजारचा चंद्रभान, माझ्या बरोबरीचा, तापाने गेला. मी खांदा दिला आणि वाटेत विचार करत होतो तो कुठल्यातरी बैलाचा. वाईट वाटायला पाहिजे होतं एवढं मला कळत होतं. ते वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. रोज सकाळी उठून मी अंगणातला पाला तोडून चावायचो. गवत.

कानही उघडले नाहीत. धुरपता हाक मारायची, मला पत्ता नसायचा. समोर येऊन हात हलवायची. एकदा अगदी जवळून म्हणाली, "आवो, आयकलं का?" मला ऐकू आलं, पण ती कुणाला बोलते आहे हे बघायला मी मागे वळलो. मागे भिंत होती.

४

पुढचं काम एका जुन्या बारवेत निघालं. बाई होती, पायऱ्यांवरून धुणं धुताना गेलेली. बांधून झाल्यावर मी डोकं बाहेर काढलं, कपारीला धरलं, आणि बन्सीधरची हाक आली. ती मला नीट ऐकू आली. मी ओ दिली.

दोर हलला नाही. त्याने परत हाक मारली. मी छाती भरून ओरडलो, "ओऽ!" बारव दगडी आहे, नुसतं शिंकलं तरी घुमतं. वर कठड्यावर बन्सीधर वाकलेला मला दिसत होता, त्याच्यामागे माणसं दिसत होती. मी ओरडत होतो आणि तो कानामागे हात धरून वाट बघत होता. त्याचा चेहरा उतरत चालला होता.

शेवटी मी बाजूच्या पायऱ्यांवर चढून वर आलो. बन्सीधरने माझा दंड धरला.

"ओ कामून दिली न्हाई, दाजी?"

"नरडं फुटंस्तोर ओरडलो."

"तोंड उघडायलेलं दिसत व्हतं तुमचं," तो म्हणाला. "आवाज न्हवता."

पाला द्यायला तो विसरला. मीही मागितला नाही.

५

त्या पोराच्या तेराव्याला बायनाबाई आमच्या घरी आली. ज्याने वर काढलं त्याला धोतर आणि जेवणाचं ताट द्यायची आमच्याकडे रीत आहे. ती येणार हे मला ठाऊक नव्हतं. मी मागच्या परसात जाळं विणत बसलो होतो. मध्ये स्वयंपाकघर, माजघर, ओसरी. ओसरीवर कुणी ढोल वाजवला असता तरी त्या दिवसांत मला कळलं नसतं.

बाहेरून हलकीच हाक आली. "लिंबाजी हाय का घरात?"

"ओ, माय," मी म्हणालो. "आलो."

जाळं ठेवून उठलो आणि माजघरात आल्यावर थांबलो. मी माझ्या आईला बाई म्हणायचो. आमच्या घरात सगळेच बाई म्हणत. माय हा शब्द मी जन्मात कुणाला लावला नव्हता.

ओसरीवर बायनाबाईच्या हातातलं ताट तिरपं झालं होतं, भाताची ढेप काठावर आली होती. धुरपता दाराला धरून उभी होती. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बायनाबाईने ताट खाली ठेवलं, माझ्या जवळ आली आणि माझा डावा हात हातात घेऊन बघायला लागली. नंतर धुरपताकडे वळून म्हणाली, "येते मी, बाई," आणि पायातलं पायताणही न घालता चालायला लागली.

माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. लहानपणी मोटेच्या चाकात सापडली होती. धुरपता लग्नात म्हणाली होती, वाकड्या बोटाचा नवरा, तूप तेवढं नीट काढील. बायनाबाई काय बघत होती ते मला कळलं नाही. मीही हाताकडे बघितलं नाही.

६

बन्सीधर आला आणि ओसरीवर बसला. म्हणाला, "दाजी, मी आता दोर धरनार न्हाई."

"कामून?"

"तुमचे आबा सांगायचे, लय जीव काढलेल्या मानसानं मदी दम घ्यावा. नांगर धरावा, लेकराबाळात बसावं, रडू आलं तर रडावं. तुमी कवा थांबलावच न्हाई."

"मला काय झालंय? काईच तर झालं न्हाई."

"त्येच म्हनायलोय मी," बन्सीधर म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच एवढा लहान ऐकला. "काईच होईना झालंय तुमाला."

तो रडायला लागला. माझ्यासाठी रडणारा माणूस समोर बसला होता आणि मी त्याच्या मिशीत अडकलेला तंबाखूचा कण बघत होतो. धुरपता चौकटीत उभी राहून आमच्याकडे बघत होती. "बन्सी," तिने हळूच विचारलं, "तवा ओ खालूनच आली व्हती का रं? नक्की?" बन्सीधरने डोळे पुसत मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून धुरपता दुपारी घराबाहेर जायला लागली. फडक्यात भाकर बांधायची, डोक्यावर पदर घ्यायची, उगवतीच्या वाटेला लागायची. उन्हं कलताना परत यायची. चेहऱ्यावर उन्हाचा त्रास दिसायचा नाही. उलट बरी दिसायची, माहेराहून आल्यासारखी. कुठे जाते म्हणून मी विचारलं नाही. विचारावंसं वाटत नव्हतं. पण एके दिवशी तिने भाकर बांधताना वर ठेच्याचा गोळा ठेवला, झणझणीत, मला आवडायचा तसा. माझ्या ताटात त्या दिवशी वरण होतं. मी तिच्या मागे निघालो.

ती त्या मळ्यात गेली. मोट बंद होती, चाकाला गवताच्या काड्या अडकल्या होत्या. रानात चिटपाखरू नव्हतं. मी धावेच्या कडेच्या बाभळीमागे उभा राहिलो. धुरपता काठावर बसली, फडकं सोडलं, आणि रोज चुलीपाशी बसून मारायची तशीच हाक मारली. मोठ्याने नाही.

"आवो, आयकलं का?"

मी तोंडावर हात ठेवला. ओठ मिटलेले होते. ते मी बोटांनी चाचपून बघितलं.

"ओ," विहिरीतून आवाज आला.

माझा आवाज मी ओळखतो. जेवायला बोलावल्यावर मी अशीच ओ द्यायचो, थोडी आळसावलेली. धुरपता हसली. भाकरीचा तुकडा मोडून तिने खाली टाकला आणि बोलत बसली. चंद्रभान गेल्याचं सांगितलं. खालून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, रडणारा माणूस ओढतो तसा.

प्रतिध्वनी असेल, मी मनाशी म्हणालो. पण प्रतिध्वनी तिच्या आवाजात यायला हवा होता. पोरगं कुणी लपून खोडी करत असेल. पण विहिरीत लपायला कपार सोडून जागा नव्हती, आणि कपार पाण्याखाली होती. फाल्गुनात होती. आता चैत्र सरत आला होता. पाणी उतरलं असणार.

मी बाभळीमागून पुढे झालो आणि वाकलो. पाणी खरंच उतरलं होतं. कपारीचा वरचा ओठ उघडा पडला होता, आत काळोख होता. त्या ओठावर एक हात होता. दगड धरून वाट बघत असताना मी धरायचो तसा, डावा. चार बोटं दगडावर होती आणि करंगळी वाकडी, बाहेर आलेली.

मी माझा डावा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि मागे सरलो. घरी येईपर्यंत तो सोडला नाही.

७

धुरपता उन्हं कलताना आली. मी ओसरीवर बसलो होतो, हात तसाच गुंडाळलेला. तिने माझ्या पायांवरची मळ्यातली लाल माती पाहिली. आत गेली, चूल पेटवली. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो मला नीट ऐकू येत होता. कान कधी उघडले होते कोण जाणे.

मी वाट बघत होतो. ती आता दारात येईल आणि हाक मारेल, आवो, आयकलं का, आणि मी ओ देईन. एवढं झालं की सगळं जागेवर येईल, बाकी काही नको, असं मला वाटत होतं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं. मी ओ घशाशी आणून ठेवली.

धुरपता दारात आली. डोक्यावर पदर होता. परका माणूस दारात आला की घ्यायची तसा, पुढे ओढलेला. तिचा राग नव्हता. डोळे भरलेले होते, आणि आवाजात एवढी माया होती की दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, ही आपल्याच माणसाशी बोलते आहे.

"लिंबाखाली ताट वाढलंय, लिंबाजी," ती म्हणाली. "जेवून घे. मग जा घरला. माय वाट बगायली तुजी."

"ओ," मी म्हणालो.